दुसऱ्याची जागा

नवऱ्याने फौजेचं ओळखपत्र परत केलं की त्याच रात्री बायकामुलांचा दवाखाना बंद होतो, हे जोलीन व्होंड्राला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असणार. छावणीतल्या शेवटच्या महिन्यात एका बाईने पडद्यावर चित्रं दाखवत तासभर सगळं समजावलं होतं, असं वेस्लीच म्हणाला. पण त्या तासाला हा पठ्ठ्या मागच्या बाकावर बसून मोबाइलवर जुन्या बेलरच्या, म्हणजे गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राच्या, जाहिराती चाळत होता, कारण घरी गवत कापणीला आलं होतं आणि बापाचं यंत्र अखेरच्या घटका मोजत होतं. बेलर काही मिळाला नाही. बाईने काय सांगितलं तेही गेलं.

जूनमध्ये पोरीसकट तिघं नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, वेस्लीच्या बापाच्या घरी आले. आठ वर्षं छावणीत काढल्यावर जोलीनला सवय झाली होती ती अशी: पोरीचा कान दुखला की चालत दवाखान्यात जायचं, कार्ड दाखवायचं, औषध घेऊन यायचं. वेल्टन गावात उतरल्यापासून जो भेटेल तो वेस्लीचा हात हातात घेऊन म्हणत होता, आता काय, सरकार तुमचं जन्मभर बघेल. चर्चमधल्या बायकांनी तर तिला नशीबवान ठरवून टाकलं होतं. तीही तसंच धरून चालली होती.

मग पोरीचा कान फुटला. वेल्टनच्या दवाखान्यात खिडकीमागच्या मुलीने कार्ड यंत्रात घातलं, परत घातलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे चालत नाही. तुमचं काहीच नाहीये." जोलीनने खिशातले पैसे मोजून दिले. मागे पोस्टमास्तरची बायको उभी होती, तिने मुद्दाम भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

त्या दिवसापासून फौजेच्या विम्याच्या कचेरीला फोन सुरू झाले. घर खोलगट जागेत होतं, तिथे फोन लागत नसे. तो लागायचा टेकडीवरच्या पवनचक्कीपाशी. जोलीन रोज भांडी आवरून वर चढायची, गुरांच्या पाण्याच्या टाकीच्या काठावर बसायची आणि कानाला फोन लावून होल्डवरची तीच ती वाजंत्री ऐकायची. गाई पाण्याला यायच्या, पाणी प्यायच्या, तिच्या बुटाला नाक लावून निघून जायच्या. वाजंत्री चालूच असायची.

पहिल्यांदा माणसाचा आवाज आला तेव्हा ती इतकी दचकली की टाकीत पडता पडता राहिली. पलीकडच्या मुलीने विचारलं, नवरा निवृत्त आहे का. आता वेल्टनमध्ये सगळेच वेस्लीला 'फौजेतून रिटायर झालेला' म्हणत. फौज सुटली म्हणजे रिटायर, एवढाच गावाचा हिशोब. जोलीनने हो म्हटलं. मुलीने तिला निवृत्तांच्या विभागाकडे पाठवलं, तिथे पुन्हा वाजंत्री, आणि दुपार कलल्यावर एक खर्जातला माणूस आला. त्याने विचारलं, वीस वर्षं पूर्ण झाली का.

"आठ," जोलीन म्हणाली.

"मग ते निवृत्त नाहीत, बाई. नुसते बाहेर पडलेले आहेत," तो म्हणाला आणि तिला दुसरीकडे जोडता जोडता फोन कटला.

एका शब्दापायी अख्खी दुपार गेली. खाली उतरताना तिने वाटेतल्या काटेरी तारेला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. तेही औषध घरच्याच पैशाने.

पण ती नेटाची बाई होती. आठवडाभरात तिने ते सगळं पिळून काढलं. वाटा तीन होत्या. पहिली, फौजेचाच विमा पुढे चालवायचा, पदरचे पैसे भरून. त्याचा तिमाही हप्ता ऐकून तिला वाटलं फोनवरच्या बाईने चुकून पूर्ण वर्षाचा सांगितला. दुसरी, सरकारने मांडलेल्या विम्याच्या बाजारातून एखादा घ्यायचा, कमाई कमी असेल तर सरकार थोडा भार उचलतं. तिसरी, माजी सैनिकांचं इस्पितळ. तिथे खर्च जवळपास नाहीच, पण ते फक्त सैनिकाचं. बायकोने आणि पोरीने बाहेर गाडीत बसायचं. पहिल्या दोन वाटा फौज सोडल्यापासून दोन महिने उघड्या, मग बंद. नेमके गवताचे दोन महिने.

तिच्या मते हिशोब सोपा होता. ती आणि पोर बाजारातल्या विम्यात जातील, ते पेलवण्यासारखं होतं. वेस्लीने इस्पितळात नाव घालायचं. तो वाळवंटातल्या लढाईवर जाऊन आलेला, त्याला तर कोणी नाही म्हणणार नव्हतं. तीन माणसांचा विमा पेलवत नव्हता आणि विम्याशिवाय राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. शेजारचा गस हॅनेल ट्रॅक्टरखाली सापडला, वाचला, आणि इस्पितळाच्या बिलापायी नदीकाठचं कुरण विकून बसला.

तिने हे जेवताना काढलं. जेवण म्हणजे त्या घरात आरडाओरडाच. सासरा लेनर्ड व्हिएतनामात दोन वर्षं तोफेवर होता, कान तिथेच ठेवून आला. माणसाचं बोलणं त्याला नुसतं गुणगुणल्यासारखं लागायचं. मीठ हवं असलं तरी ओरडून मागावं लागे. कानाचं यंत्र त्याला त्याच इस्पितळातून फुकट मिळालं असतं, पण पन्नास वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. का, हे जोलीनला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

वेस्लीने पोर्कचा तुकडा कापत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हा दोघींचं घे. मला काही लागत नाही."

"नुसतं नाव घालायचंय. पैसे नाहीत पडत."

"पैशाचं नाही गं. तिथं जागा मोजक्या असतात. ज्यांचे पाय गेले, डोळे गेले, त्यांच्यासाठी आहे ते. मी धडधाकट माणूस जाऊन बसलो तर त्यातली एक जागा मी खाल्ली."

"कोणाची?"

"कोणाची तरी."

"काय म्हणतोय?" लेनर्डने विचारलं. जोलीनने ओरडून सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, शांतपणे, समाधानाने. "बरोबर आहे त्याचं. मी पण नाही गेलो. माझ्या तुकडीतली पोरं कशी परतली ते मी बघितलंय. मला काय, नुसते कान."

नुसते कान. जोलीनने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की ही दोन माणसं खरोखर मनापासून असं मानतात. लबाड असती तर भांडता आलं असतं. चांगुलपणाशी कसं भांडायचं? ती उठली आणि ताटं जरा जास्तच जोरात ओट्यावर ठेवली. लेनर्डला अर्थातच ते ऐकू गेलं नाही.

गवत सुरू झालं. लेनर्ड कापणीयंत्र घेऊन पुढे जायचा, दुसऱ्या दिवशी दाताळं लावून वाळलेल्या गवताच्या ओळी ओढायचा. मागून वेस्ली बेलर घेऊन त्या ओळी गिळत यायचा आणि गोल गठ्ठे मागे टाकत जायचा. जोलीन पिकअप घेऊन पाणी, सँडविच, डिझेल पोचवायची आणि गठ्ठे कुंपणाकडे ओढायची. उन्हाने मानेची कातडी सोलून निघाली. धूळ दाताखाली यायची, अंथरुणात यायची, पोरीच्या केसांत यायची.

वेस्लीचा खोकला धुळीत वाढला. आधीपासून होताच. वाळवंटात त्यांच्या तंबूंशेजारी कचरा जाळायचा खड्डा होता, दिवसरात्र जळायचा; टायर, प्लास्टिक, औषधं, सगळं. घरी आल्यावर त्याबद्दल तो एकदाच बोलला होता, आणि तेही वासाबद्दल. आता गठ्ठ्यांना जाळी गुंडाळायला खाली उतरला की तो चाकाला टेकून उभा राहायचा, वाकायचा, आणि जोलीनची गाडी दिसली की टायर तपासत असल्यासारखं करायचा. ती काही म्हणाली तर "गवताच्या दिवसांत सगळ्यांनाच होतं" हे ठरलेलं. तिने बोलणं सोडलं. रोज पवनचक्कीवर जाऊन आपलं आणि पोरीचं काम मात्र पुरं केलं. विमा झाला, कार्डं येणार होती. तिसऱ्या नावापुढे तिने रिकामं सोडलं.

जुलै सरता सरता तो दिवस आला. दक्षिणेचा वारा होता, धूळ वेस्लीच्या बाजूने येत होती. बेलरमध्ये गवत अडकलं म्हणून तो उतरला, आत हात घालून ओढत होता, आणि खोकला आला तो थांबेचना. जोलीन पाण्याचा जग घेऊन पोचली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात जमिनीवर. श्वास आत जायचा आवाज येत होता, बाहेर यायचा नाही. ओठांचा रंग तिला आवडला नाही. पलीकडच्या ओळीवर लेनर्ड दाताळं ओढत चालला होता, त्यांच्याकडे पाठ करून, टोपी सरळ. तिने घसा फाटेस्तोवर हाक मारली. म्हातारा आपला चाललाय.

तिने फोन काढला. कुरणाच्या त्या कोपऱ्यात सिग्नलची एखादी दांडी दिसायची. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर दाबला आणि वेस्लीने जमिनीवरून हात वर करून तिच्या मनगटावर फटका मारला. फोन गवतात पडला.

"नको," तो म्हणाला. एका श्वासात एकच शब्द जात होता. "बिल. नको."

"मरशील रे."

"नको."

ती गवतात चाचपडत फोन शोधत राहिली आणि तो तिच्या पायाला धरून राहिला. दोघं नवराबायको भर दुपारी कुरणात कुस्ती खेळल्यासारखी. किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. मग त्याचा श्वास हळूहळू सुटला, छातीतून शिटी वाजत वाजत. तो चाकाला टेकला, घामाने भिजलेला. म्हणाला, "बघ, गेलं."

जोलीनने त्याला पाणी पाजलं. तेवढ्यात बेलरमधून जळका वास आला: अडकलेल्या गवतावर चालू राहून पट्टा फाटला होता. त्याने आधी पट्ट्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. स्वतःच्या छातीसाठी नाही मारला.

पट्टा आणायला तीच वेल्टनला गेली. शेतीसामानाच्या दुकानात गल्ल्यावर मर्ल टेसार असायचा. वेस्लीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, इराकात उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला, त्या जागी बसवलेला पाय उन्हाळ्यात उघडाच ठेवायचा, अर्ध्या चड्डीत. जोलीनने पट्ट्याचा नंबर सांगितला आणि तिचा बांध फुटला. रडली नाही, ती बोलली, आणि मर्लचाच राग असल्यासारखी बोलली.

"तुझी जागा सांभाळून ठेवलीय बरं का माझ्या नवऱ्याने. इस्पितळातली. आज ती सांभाळता सांभाळता निळा पडला."

मर्लने काय म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितलं, सासऱ्याच्या कानांसकट. मर्ल ऐकत होता. त्याचा चेहरा तापत गेला. पट्टा मागच्या खोलीत होता, तो त्याने आणला पण तिच्याकडे दिला नाही; गल्ला पोऱ्यावर न सोपवता दुकानाला सरळ कुलूप घातलं, पट्टा खांद्यावर टाकला आणि तिला म्हणाला, "चल पुढे. मी येतो मागून."

कुरणात बेलर उघडून ठेवला होता आणि वेस्ली त्याच्या पोटात डोकं घालून बसला होता. लेनर्ड पाने हातात देत होता, चुकीचे. मर्ल गवतातून खडखडत आला. वाळूत तो पाय नीट टेकत नसे, प्रत्येक पावलाला कंबर फेकावी लागे. वेस्ली त्याला पाहून उठला आणि त्याने खुर्चीच शोधली असती, पण कुरणात खुर्ची कुठली.

"बसू नको, बसवू नको," मर्ल म्हणाला. "माझी जागा धरून ठेवलीस म्हणे."

वेस्ली बायकोकडे बघायला लागला. जोलीनने नजर चुकवली नाही.

"वेल्टनला दवाखान्याची गाडी यायची. शाळेच्या मैदानात उभी राहायची महिन्यातून दोनदा, फौजेतून आलेल्यांसाठी. ती का बंद झाली, ठाऊक आहे?"

"नाही."

"नावं नव्हती म्हणून. या जिल्ह्यात फौज करून आलेले किती आहेत ते मला विचार, सगळे माझ्याकडेच नटबोल्टला येतात. पण गाडीच्या दाराशी आम्ही चार टाळकी. बाकीचे घरी बसून आमच्यासाठी जागा सोडत होते. वरच्या लोकांनी पाहिलं, चौघांसाठी कोण गाडी पाठवतो. आता ह्या पायाची खोबण सैल झाली की मी अडीच तास गाडी हाकत जातो आणि अडीच तास येतो." त्याने पट्टा वेस्लीच्या हातात कोंबला. "तू माझ्यासाठी जागा सोडली नाहीस, वेस. तू ती घालवलीस. तुझ्या बापाने पण."

लेनर्ड काय म्हणतोय म्हणून विचारत होता. कोणीच त्याला सांगितलं नाही.

"मला खरंच काही झालेलं नाही," वेस्ली शेवटी पुटपुटला.

"मला तरी कुठे काय झालंय," मर्ल म्हणाला. "एक पाय तेवढा नाही." आणि तो आला तसा कंबर फेकत निघून गेला. पट्ट्याचे पैसे घ्यायचेही राहिले.

वेस्लीने पट्टा बसवला. संध्याकाळी टेकडीच्या सावलीत बूट काढता काढता म्हणाला, "येतो मी. नाव घालायला. पण एक. तिथं तू मध्ये बोलायचं नाहीस. मला विचारतील, मी सांगेन."

जोलीनने कबूल केलं. त्या क्षणी तिने काहीही कबूल केलं असतं.

पोरीला शेजारी ठेवलं, पण शहराला जायचं तर लेनर्ड आलाच. कापणीयंत्राची पाती तिथे स्वस्त मिळतात हे त्याचं कारण, आणि पिकअप आपल्यावाचून शहराला गेली तर परत येत नाही अशी त्याची समजूत. अडीच तास तो मध्ये बसून लोकांची गवतं कशी वाया गेलीत ते मोठमोठ्याने सांगत होता. इस्पितळात पोचल्यावर तिघं टेबलासमोर ओळीने बसले: वेस्ली, बाप, जोलीन. टेबलामागे गळ्यात चष्मा अडकवलेली एक पोक्त बाई होती. ती घाईची नव्हती, पण तिच्यामागे दिवसभराचं काम दिसत होतं. सभोवार वाट बघणारे पुरुष बसले होते. कोणाला काठी, कोणाला चाकाची खुर्ची, बहुतेकांना वरून काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

बाईने विचारलं, धूर किंवा जळता कचरा यांच्या जवळ होतात का. वेस्ली म्हणाला, सगळेच होते. तिने हो की नाही विचारलं. तो हो म्हणाला.

"खोकला आहे?"

"नाही."

"छाती दाटते?"

"नाही."

"श्वासाला त्रास?"

"नाही," वेस्ली म्हणाला. "गवताच्या दिवसांत होतं जरा सगळ्यांना."

बाईची बोटं संगणकाच्या कळांवर प्रत्येक 'नाही'ला एकदा वाजत होती. जोलीनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अडीच तास गाडी, फाटलेला पट्टा, टाकीच्या काठावरच्या सगळ्या दुपारी, गवतात पडलेला फोन, आणि हा गृहस्थ सरकारच्या टेबलासमोर बसून धडधाकट होऊन घरी निघाला होता. तिने शब्द दिला होता. शब्द देताना आपली अक्कल कुठे चरायला गेली होती, हे तिला कळेना.

"काय विचारतेय ती?" लेनर्ड म्हणाला.

बाईशी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. सासऱ्याचं काही ठरलं नव्हतं. जोलीन त्याच्या कानाशी वाकली आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडली, "श्वासाला त्रास होतो का, विचारतेय."

"होतो म्हणावं की," लेनर्ड म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, बारीक कधी होतच नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. "रात्रभर खोकतो तो. भिंतीपलीकडे खाट आहे माझी. तुम्ही बोलता त्यातलं काही येत नाही मला. पोर हसते तेही येत नाही. ते तेवढं येतं. आला त्या रात्रीपासून येतंय."

वेस्ली आपल्या बुटांकडे बघत होता. लेनर्डला वाटलं आपलं बोलणं पोचलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, "मी जागाच असतो. थांबेपर्यंत."

जोलीनला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. दोन महिने हा माणूस जेवणाच्या टेबलावर मान हलवत होता, बरोबर आहे त्याचं म्हणत होता, आणि रात्री भिंतीला कान लावून पोराचा श्वास मोजत पडत होता. एवढं एक वाक्य घरी बोलला असता. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. बाईने कागदी रुमालांचा डबा न बघता तिच्याकडे सरकवला, चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यावर मागे जाऊन तिन्ही उत्तरं बदलली. मग ती पुढच्या प्रश्नावर आली.

"रात्री झोप लागते?"

वेस्लीने बापाकडे पाहिलं. बाप टेबलावरच्या पेनाच्या साखळीकडे बघत होता, त्याला प्रश्न ऐकू आला नव्हता.

"नाही," वेस्ली म्हणाला, आणि हे 'नाही' खरं होतं.